जमीन थांबते, अंग थांबत नाही



३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून मराठवाड्यातली गावे उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ जमीन हादरली. मोठा धक्का मिनिटभरही टिकला नाही. तेवढ्या वेळात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. पिढ्यान्‌पिढ्या याच माळवदांनी उन्हाळ्यात घर थंड ठेवले होते. सरकारी हिशेबाप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. इतर अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे अशी मोडली, की ती जागा सोडून नवीन गावठाणांत वसवावी लागली.

एक गोष्ट त्या भागाबाहेर फारशी कुणाला आठवत नाही. आदल्या वर्षी, १९९२ मध्येही किल्लारी परिसराला धक्के बसले होते. लोक घाबरले, बाहेर झोपले, मग हळूहळू सरावले आणि घरात परतले. दख्खनचे पठार स्थिर, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, ही समजूत तेव्हा शिकल्यासवरल्या माणसांचीही होती. त्यामुळे ३० सप्टेंबरने घरांबरोबर आणखी एक गोष्ट मोडली. पायाखालची जमीन आणि डोक्यावरचे छत यांचा विचार माणूस एरवी करतच नाही, तो त्यांना धरूनच चालतो. ते धरून चालणेच त्या पहाटे संपले.

पुढचे पुनर्वसन देशात गाजले. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम उभा राहिला, भूकंपरोधक घरे बांधली गेली, शाळा आणि दवाखाने आले. किती भिंती पडल्या, किती जनावरे दगावली, कुणाला किती भरपाई, याचे पंचनामे झाले. वाचलेल्या माणसाची झोप उडाली आहे का, याचा पंचनामा करायची रीत तेव्हा नव्हती आणि आजही नाही. आजचे व्याख्यान त्या न झालेल्या पंचनाम्याविषयी आहे.

तरीही काहींनी तो प्रश्न विचारला होता. भूकंपानंतर महिनाभराने मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने ग्रामीण भागातल्या वाचलेल्या माणसांची तपासणी केली. गट लहान होता. पण त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांमध्ये रीतसर निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला. सर्वांत जास्त होते दोन विकार: नैराश्य, आणि ज्याला आज सगळे पीटीएसडी म्हणतात तो आघातोत्तर ताणविकार. हा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला. मराठी प्रेक्षक ज्यांना नट म्हणून ओळखतात ते डॉ. मोहन आगाशे त्या काळी या संस्थेच्या प्रमुखपदी होते.

भूकंपातून वाचलेल्या माणसांमध्ये जगभर सारखीच लक्षणे दिसतात. माणूस दाराजवळ झोपतो. खोलीत शिरताना आधी छताकडे बघतो. रस्त्यावरून अवजड ट्रक गेला, भांडी किणकिणली, की ताटावरून उठून अंगणात येतो. मराठवाड्यात तर पक्के घर मिळूनही शेजारी पत्र्याची शेड टाकून रात्री तिच्यात झोपणारी कुटुंबे होती. पत्रा उन्हाळ्यात भाजून काढतो आणि पावसाळ्यात कानठळ्या बसवतो, पण तो पडला तरी जीव जात नाही. हा हिशेब डोक्याने मांडलेला नव्हता, अंगाने मांडलेला होता.

अंग असा हिशेब कसा मांडते?

मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा एक भाग असतो. त्याचे नाव अमिग्डाला. धोक्याची चाहूल घेणे हे त्याचे काम. डोळ्यांनी काय पाहिले आणि कानांनी काय ऐकले, याचा विचार पुरा व्हायच्या आतच तो इशारा देतो. इशारा मिळताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी अॅड्रिनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल सोडतात. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते. पळायला किंवा झुंजायला शरीर सज्ज होते. पळताही येत नाही आणि झुंजताही येत नाही, अशा वेळी माणूस जागच्या जागी थिजतो. भिंतीखाली अडकलेल्या माणसापुढे दुसरा मार्गच नसतो. पुढे अशी माणसे वर्षानुवर्षे स्वतःला दोष देत राहतात: ‘मी ओरडलो का नाही? लेकराला उचललं का नाही?’ थिजणे हे भित्रेपण नाही. जीव वाचवण्याची ती शरीराची सर्वांत जुनी तऱ्हा आहे, आणि ती माणसाला विचारून सुरू होत नाही.

अमिग्डालाच्या शेजारीच हिपोकॅम्पस नावाचा भाग असतो. आठवणीला तारीख, वार, ठिकाण लावून ती तलाठ्याच्या वहीसारखी जागच्या जागी नोंदवणे हे त्याचे काम. तीव्र भीतीच्या क्षणी ही नोंद नीट होत नाही. मग आठवण सलग गोष्ट म्हणून उरत नाही. तिचे सुटे तुकडे राहतात. धुळीचा वास, लाकूड मोडल्याचा आवाज, अंधारातली एक हाक. अशा तुकड्यांवर तारीख नसते. म्हणून पाच वर्षांनी तसाच वास आला, की ‘तेव्हा असं झालं होतं’ असे मनाला वाटत नाही; ‘आत्ता होतंय’ असे अंगाला वाटते. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग एरवी ‘अरे, हा नुसता ट्रक आहे’ असे सांगून अमिग्डालाला शांत करतो. या आजारात त्याचा आवाज क्षीण झालेला असतो.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आघातातून गेलेल्या काही व्यक्तींना त्यांचीच हकीकत ऐकवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. भावनांशी निगडित भाग पेटून उठले आणि बोलण्याशी संबंधित असलेल्या ब्रोका भागातले काम मंदावले. गट आठ जणांचाच होता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. पण ज्यांनी अशा माणसांसमोर बसून त्यांचे ऐकले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ‘काय झालं ते सांग’ म्हटले की माणसाचे ओठ हलतात आणि शब्द फुटत नाही.

शास्त्रातही सगळे एवढे सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. पीटीएसडी झालेल्यांचा हिपोकॅम्पस आकाराने लहान आढळतो, म्हणजे आघाताने तो आक्रसला, असे बरीच वर्षे मानले जात होते. मग २००२ मध्ये जुळ्या भावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक भाऊ व्हिएतनामच्या युद्धात लढून आजारी पडलेला, दुसरा घरीच राहिलेला. घरी राहिलेल्या भावाचाही हिपोकॅम्पस तितकाच लहान निघाला. म्हणजे काहींची जडणघडणच अशी असते, की आघात त्यांना जास्त खोल लागतो. एकाच घरातले, एकाच छताखाली सापडलेले दोघे. एक सावरतो, दुसरा सावरत नाही. ‘तो बघ कसा उभा राहिला, तुलाच काय झालंय?’ असे विचारणे किती अन्यायाचे आहे, हे या एका अभ्यासावरून कळावे.

ही सगळी उलथापालथ मानसोपचारतज्ज्ञाकडे फार क्वचित पोचते. ती पोचते गावातल्या डॉक्टरकडे, आणि तीही शरीराची तक्रार होऊन. छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, हातपाय गळतात, डोके जड राहते, अन्न अंगी लागत नाही. ईसीजी निघतो, तो चांगला येतो. सलाईन लावली जाते, ताकदीचे इंजेक्शन दिले जाते. ‘काही नाही झालं, टेन्शन घेऊ नका,’ असा सल्ला मिळतो. रोगी घरी येतो तो आणखी एक ओझे घेऊन: आपल्याला काही झालेले नाही, तरी आपल्याला होते आहे. मग कुणी देवऋषाकडे नेते, कुणी बाहेरची बाधा म्हणते. घरातला कर्ता पुरुष रात्री झोप यावी म्हणून दारू घेऊ लागतो, आणि थोड्याच दिवसांत घरच्यांना त्या पहाटेच्या भीतीबरोबर संध्याकाळचीही भीती वाटू लागते.

वैद्यकालाही हे समजायला फार वेळ लागला. आगगाडी नवी होती तेव्हा अपघातातून वरकरणी धडधाकट बाहेर पडलेले लोक पुढे महिनोन्‌महिने थरथरत. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये याचे कारण पाठीच्या कण्याला बसलेला हादरा असे सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी, ९ जून १८६५ रोजी, कादंबरीकार चार्ल्स डिकन्स इंग्लंडमधल्या स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला. त्याने स्वतः जखमींना पाणी पाजले, धीर दिला. पुढे मात्र आगगाडीत बसला की त्याला एकाएकी घाम फुटे, अंग कापू लागे. कुणी त्याला घाबरट म्हटले नाही, कारण तो डिकन्स होता.

सामान्य शिपायाच्या वाट्याला ही दया आली नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक बोलेनासे झाले, चालेनासे झाले. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ मध्ये या अवस्थेला ‘शेल शॉक’ या नावाने वैद्यकीय नियतकालिकात नेले. त्याच सैन्याने पळ काढणे, भेकडपणा अशा आरोपांखाली आपल्याच सैनिकांना पहाटे उभे करून गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ मध्ये माफी दिली, तब्बल नव्वद वर्षांनी. व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी लढणाऱ्या चळवळी यांच्या रेट्यानंतर १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या अधिकृत सूचीत पीटीएसडी हे निदान दाखल झाले. भोपाळची वायुगळती त्यानंतर चार वर्षांनी झाली आणि किल्लारीचा भूकंप तेरा वर्षांनी.

आघात बालपणी झाला, तर त्याचा शरीरावरचा परिणाम आणखी लांब पोचतो. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या दोन अमेरिकन डॉक्टरांनी सॅन दिएगोच्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेत हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड. १९९८ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. असे अनुभव जितके अधिक, तितके नैराश्य, व्यसने आणि आत्महत्येचे प्रयत्न अधिक. आणि त्याबरोबर हृदयविकार, फुप्फुसांचे आणि यकृताचे आजारही अधिक. तपासलेली माणसे बहुतांशी मध्यमवर्गीय, नोकरदार, विम्याचे संरक्षण असलेली होती. दारिद्र्याचे निमित्त सांगून हे निष्कर्ष बाजूला सारता आले नाहीत.

इथवर ऐकून मन काळवंडले असेल, तर आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसे आयुष्यात कधी ना कधी जिवावर बेतणाऱ्या किंवा मन हादरवणाऱ्या प्रसंगातून जातात. त्यांतल्या साधारण ५.६ टक्के लोकांनाच पीटीएसडी होतो. बाकीचे आपापल्या बळावर, आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. पहिले काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, रडू येणे हा आजार नाही. महिना उलटला, तरी भीती ओसरत नाही, कामधाम आणि संसार अडतो, तेव्हा त्याला आजार म्हणतात. आणि तो आजार बरा होतो. मानसिक आजारांपैकी ज्यांवरचे उपचार चांगले पारखले गेले आहेत, त्यांत हा मोडतो.

पहिल्या दिवसांत काय करावे, यापेक्षा काय करू नये, हे आधी सांगायला हवे. वाचलेल्या माणसाकडून सगळी हकीकत खोदून खोदून वदवून घेऊ नये. एके काळी अशी एक बैठकीची पद्धत जगभर रूढ होती. तपासणीत तिचा उपयोग आढळला नाही, काहींना तर त्रासच झाला. ढिगाऱ्याशेजारी उभे राहून आईपुढे माइक धरणाऱ्या वार्ताहरांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना आणखी एक गोष्ट सांगतात: आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात भीती आणि झोपेच्या तक्रारींवर बेंझोडायझेपाइन गटातल्या गोळ्या देऊ नयेत. आपल्याकडे मयताच्या घरी ‘झोपेची गोळी द्या’ हा पहिला आग्रह असतो. त्या सूचना अशा गोळ्यांपासून दूर राहायला सांगतात.

करायचे ते साधे असते. माणूस सुरक्षित आहे का ते पाहावे, त्याला बोलायचे असेल तेवढेच ऐकावे आणि त्याला त्याच्या माणसांशी, मदतीशी जोडून द्यावे. हरवलेल्या नातेवाइकाची खबर, कोरडी जागा, गरम जेवण, मुलांची लवकर सुरू झालेली शाळा, हे सगळे मनावरचेच उपचार आहेत. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातल्या १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. मुलाला वह्या-पुस्तके मिळाली हे दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की सकाळची घंटा, ठरलेले जेवण, ठरलेला खेळ यांतून त्याच्या शरीराला दिवस पुन्हा ओळखीचा होत जातो. लहान मूल आघात शब्दांत सांगत नाही. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईचा पदर सोडत नाही, मातीची घरे बांधून ती पुन्हा पुन्हा पाडण्याचा खेळ खेळते. त्या खेळावर रागावू नये.

महिन्यांमागून महिने गेले, तरी ज्यांची भीती हटत नाही, त्यांच्यासाठी काय? इथे किल्लारीला जवळचे वाटावे असे उदाहरण तुर्कस्तानचे आहे. १७ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे तीनच्या सुमारास तिथल्या मारमारा प्रदेशात भूकंप झाला. लोक झोपेत होते, इमारती कोसळल्या, सतरा हजारांहून अधिक माणसे गेली. वाचलेले हजारो लोक भक्कम इमारतीतही पाऊल टाकायला तयार नव्हते. मेतिन बाशोलू या तुर्की मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचार केला: एवढ्या लोकांना प्रत्येकी वीस-वीस बैठका कोण देणार? त्यांनी उपचार जवळजवळ एका बैठकीत आणला.

त्या तासाभरात उपचारक रुग्णाला समजावतो, की भीतीपासून पळत राहिलात तर ती वाढत जाते; तिच्यासमोर थांबलात तर तिच्यावर तुमचा ताबा बसतो. मग दोघे मिळून टाळलेल्या गोष्टींची यादी करतात. आपल्या मुलखात अशी यादी कशी झाली असती, ते डोळ्यांसमोर आणून पाहू. माळवदाच्या घरात पाऊल न टाकणारी एक बाई. पहिल्या दिवशी तिने उंबऱ्यापाशी उभे राहायचे, दार उघडे, दिवसाउजेडी. छाती धडधडेल, हाताला घाम येईल, पाय मागे ओढतील. तरी निघायचे नाही. घड्याळाकडे बघत राहायचे. धडधड वाढत जाते, एका जागी पोचते आणि मग आपोआप उतरू लागते. शरीर कायमचे टिपेला राहू शकत नाही. तिला ही गोष्ट पुस्तकातून कळून उपयोग नाही, तिच्या छातीला कळावी लागते. पुढच्या दिवशी आत पाच पावले. मग खाटेवर बसणे. मग दार लोटून घेणे. मग तिथेच भाकरी थापणे. शेवटी दिवा मालवून झोपणे. पुढचे पाऊल कधी टाकायचे, हे तिने ठरवायचे. तिला कुणी ओढत नाही.

बाशोलू यांच्या गटाने २००५ मध्ये ५९ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका बैठकीनंतर सहा आठवड्यांनी जवळपास निम्म्यांना बराच फरक पडला होता आणि बारा आठवड्यांनी ८० टक्क्यांना. वर्ष-दोन वर्षांनंतरही तो टिकून होता. काहींसाठी त्यांनी हलत्या तळावर बसवलेली, घरासारखी सजवलेली एक छोटी खोलीही वापरली. तिच्यात कृत्रिम भूकंप करता येत असे. हादरा किती वाढवायचा आणि कधी थांबवायचा, हे आत बसलेला माणूस ठरवी. पूर्वी ज्याच्यावर काहीच ताबा नव्हता, तेच आता त्याच्या ताब्यात होते. सगळ्या उपचारांचा गाभा इथे सापडतो. भूकंपाने माणसाच्या हातून निर्णय काढून घेतला. उपचार तो त्याच्या हातात परत देतो.

आघातावरचे इतर पारखलेले उपचारही याच वाटेने जातात. एडना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण सुरक्षित खोलीत, उपचारकासमोर बसून त्या प्रसंगाची हकीकत पुन्हा पुन्हा, सलग सांगतो; सुट्या तुकड्यांची हळूहळू एक गोष्ट होते आणि तिला शेवट मिळतो. फ्रान्सिन शपिरो यांच्या ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून रुग्ण उपचारकाच्या हलत्या बोटांबरोबर डोळे फिरवतो. ती नेमकी कशामुळे लागू पडते, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, ती लागू पडते यावर फारसे नाहीत. काहींना नैराश्यावरची औषधे लागतात आणि ती मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावीत. योगासने आणि श्वासाचे व्यायाम अंगाचा ताठरपणा सोडवायला जोड म्हणून उपयोगी पडतात. जोड म्हणूनच, मुख्य उपचार सोडून नव्हे.

पण भीती गेली म्हणून दुःख जात नाही. किल्लारीत घरटी एक नाही, कधी सगळे घर गेले होते. सामुदायिक चिता पेटल्या. अनेकांना आपल्या माणसाचा चेहरा शेवटचा पाहता आला नाही, दहाव्या-तेराव्याचे विधी रीतीने करता आले नाहीत. जुडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून बाहेर येण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांत परत येणे. मधला टप्पा वगळून तिसऱ्यावर उडी मारता येत नाही. ‘झालं ते झालं, आता पुढचं बघ’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण ते नेमकी ती उडी मागते. किल्लारीत दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात, फुले वाहतात. गावाला एकत्र रडायला जागा आणि दिवस मिळाला, हे पुनर्वसनाच्या कुठल्याही इमारतीइतकेच मोलाचे आहे.

तिसरा टप्पा म्हणजे माणसांत परत येणे. नव्या गावठाणांत इथे अडचण आली. आखीव चौकोनी रस्ते आणि एकमेकांपासून लांब घरे झाली. जुन्या गावातल्या गल्ल्या, ओटे, शेजारणीला हाक मारण्याइतके अंतर गेले. जिथे घर मिळाले, तिथे शेजार गेला. पण याच भागात एक उलटी गोष्टही घडली. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. कालपर्यंत उंबऱ्याच्या आत असलेल्या बायका गवंड्याला विचारू लागल्या, कोपऱ्यात बांधदगड घातला का, आणि अधिकाऱ्याकडे यादी घेऊन जाऊ लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा बायका तिकडच्या बायकांना मदत करायला गेल्या. याला कुणी उपचार म्हटले नाही. पण स्वतःच्या अनुभवाचा दुसऱ्याला उपयोग झाला, की आघाताचा अर्थ बदलतो, हे हर्मन यांनी लिहिलेले इथे घडताना दिसले.

श्रोतेहो, भूकंपाची बातमी होते. बहुतेक आघातांची होत नाही. रोज मार खाणारी बाई, घरातल्याच माणसाने छळलेले मूल, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको: यांच्या अंगातही तेच अॅड्रिनलिन, तीच धडधड, तेच थिजणे. आणि त्यांच्याकडे जमीन रोज हलत असते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. जिन्यावरून पडले, भाजले, चुकून औषध प्यायले, अशी कारणे सांगत आलेल्या बाईला रुग्णालयातल्याच प्रशिक्षित माणसाने बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायचे: घरी काही त्रास आहे का? सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढण्याच्या गर्दीत हे करता येते, हे ‘दिलासा’ने दाखवून दिले.

आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ लाख लोकसंख्येमागे एकही नाही, त्यामुळे हे जमणार नाही, असे म्हटले जाते. गोव्यात रुजलेल्या ‘संगत’ या संस्थेने यावर काम केले आहे. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत बरे झाले, नेहमीच्या उपचारात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यात याच संस्थेच्या ‘विश्राम’ प्रकल्पाने तीस गावांत काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भातला शेतकरी मनाचे बोलत नाही म्हणतात. विचारणारे कुणी दारात आले, की तो बोलतो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. किल्लारीनंतर दरडी कोसळून माळीण झाले, तळीये झाले, इरशाळवाडी झाली. पुढची आपत्ती येईल तेव्हा घराच्या आणि जनावरांच्या नोंदीबरोबर वाचलेल्या प्रत्येक माणसाची एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी मानसिक तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च पुनर्वसनाच्या अंदाजपत्रकात धरला जावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आघातावरच्या उपचाराचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक असावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. त्यासाठी हात पसरायची गरज नाही.

आणि श्रोत्यांकडे एक विनंती. घरात, शेजारात, कचेरीत असे कुणी असेल, तर त्याला ‘विसरून जा’ म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, तो सांगेल तेवढे ऐका आणि मदतीपर्यंत त्याच्यासोबत जा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. तिचा क्रमांक १४४१६.